६,६०० चे २६,४०२ कसे झाले

लाजेपोटी महिनाभर गप्प होतो. पतसंस्थेत बावीस वर्षं कॅशवर बसलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ओटीपी सांगू नका' म्हणून बजावणारा मी, आणि माझेच २६,४०२ रुपये गेले.

आम्हा बेळगावकरांचं सुट्ट्यांचं गणितच वाकडं. इथं शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, कोल्हापुरात बहिणीच्या मुलांना दिवाळीला. दोन्ही घरं जमणार ती दिवाळीच्या चार दिवसांत, आणि तेव्हा मालवणात खोली मिळणं मुश्कील. आंबोली घाट उतरून पोरंबाळं घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा यंदा दोन महिने आधीच ठरवू म्हटलं.

मॅपवर एक चिऱ्याचं घर आवडलं. घर खरंच आहे, फोटोही खरे. तिथला नंबर तेवढा भामट्याचा होता. (मॅपवर कुणीही नंबर बदलायला सुचवू शकतो, हे मला आता कळलं. नंबर दोन-तीन ठिकाणी पडताळा.) "दोनच खोल्या उरल्यात सर." २,२०० प्रमाणे दोन खोल्या, तीन रात्री, १३,२००. निम्मे आगाऊ.

बायको सावंतवाडीची. तिनं स्पीकरवरच विचारलं, "जेवणाक काय गावतला?" पलीकडं क्षणभर शांतता. मग, "हां मॅडम, सगळं अव्हेलेबल आहे." तिनं माझ्याकडं बघितलं. मी हातानंच थांब म्हटलं. मॅनेजर बाहेरचा ठेवला असेल, हल्ली ठेवतात की! पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं तेही कुठल्याशा 'एंटरप्रायझेस'चं. तेही बघितलं. बघून पाठवले. रात्री झोपताना अजून ती शांतता ऐकू येते.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ६,६०० 'सिस्टीम घेत नाही', ६,६०१ पाठवा, आधीचे आपोआप परत येतील. पाठवले. मग दोन्ही मिळून १३,२०१ परत करायला क्यूआर आला. 'पे' लिहिलेलं डोळ्यांसमोर होतं, तरी पिन टाकला. पैसे यायला पिन लागत नाही, हे मीच काउंटरवर शंभर जणांना सांगितलंय. खरं त्या वेळी डोक्यात एकच, अडकलेले तेरा हजार सोडवायचे. तुम्ही असता तर काय केलं असतं?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रीच करायला हवा होता, तोवर खात्यातून पैसे पुढं सरकले होते. बँकेतला साहेब म्हणाला, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" झालं, त्यांचं काम संपलं. पोलिस ठाण्यात मराठीतला अर्ज परत दिला, कन्नडमध्ये आणा. बाहेर टाइप करून घ्यायला १५० रुपये. तो नेला तर, "मालवण महाराष्ट्रात, तिकडं जावा." तिकडं फोन केला तर, "तुम्ही कर्नाटकातले, तिकडंच द्या." सत्तर वर्षं सीमाप्रश्न ऐकतोय, तो आता माझ्या अर्जालाही लागला! गुन्हा कुठंही घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यानं घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तुम्ही जाल तेव्हा ते कागदावर छापून न्या. मी तिसऱ्या फेरीला नेलं, तेव्हा कुठं अर्ज घेतला. पैशांचा पत्ता नाही.

घराच्या खऱ्या मालकांचा नंबर बायकोच्या माहेरच्यांनी काढून दिला. ते बिचारे म्हणाले, "तुम्ही चौथे." त्यांनी मॅपवर नंबर दुरुस्त करून घेतला होता.

परवा मुलाच्या मोबाईलवरून बघितलं. तोच नंबर परत आलाय. लावला.

"हां सर, दोनच खोल्या उरल्यात."