दूध गरम करून मिळेल, ताई

आधी आकडा सांगून टाकते: २२,००० रुपये गेले. अकरा हजार एकदा, अकरा हजार दुसऱ्यांदा. पहिल्या अकराला मी जबाबदार, दुसऱ्या अकराला आमचे हे. घरात हा हिशेब अजून मिटलेला नाही.

मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दिवसभर पार्ट्यांची बिलं तपासायची, जीएसटी नंबर जुळतोय का बघायचं, रुपयाचा फरक आला तरी फोन लावायचा, हेच काम. त्यामुळे ‘एवढी शिकलेली माणसं फसतात तरी कशी’ असं मी आजवर बऱ्याच जणांना तोंडावर म्हटलेलं आहे. त्यातल्या दोघांची माफी मागून झाली. बाकीच्यांची राहिली आहे.

मे महिना होता. पारा ४३ वर, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. लेक चार वर्षांची, तिला सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी माहीत नाही. बालवाडीत समुद्राचं चित्र रंगवायला दिलं आणि तेव्हापासून रोज रात्री एकच प्रश्न: “तिथं पाणी रोज येतं?” शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “घेऊन चला की ओ पोरीला एकदा.” गणपतीपुळे ठरलं. त्यांना दर्शन, पोरीला समुद्र.

ठरवायलाच उशीर झाला. एमटीडीसीची खोली मिळाली नाही, ओळखीतून दोन ठिकाणी विचारलं तिथंही भरलेलं. मग रात्री पोर झोपली की मी मोबाइल घेऊन बसायची. तिसऱ्या रात्री एक पान सापडलं. बैठं कौलारू घर, ओसरीवर झोपाळा, मागं नारळाची बाग, समुद्र चालत पाच मिनिटं. चार रात्री, रोजचे ३,००० रुपये. नकाशावर घर दिसत होतं, त्याखाली लोकांनी चांगलं लिहिलेलंही होतं. दर फार स्वस्त असता तर मला शंका आली असती. हे पान टाकणाऱ्यालाही ठाऊक असणार.

फोन लावला. नाव-गाव विचारायच्या आधी त्यानं विचारलं, “ताई, सोबत लहान बाळ आहे का?”

आहे म्हटल्यावर वय विचारलं. मग म्हणाला, एका बाजूला भिंत असलेल्या पलंगाची खोली देतो, रात्री पडायची भीती नको. तिखट चालत नसेल तर तिच्यासाठी मऊ भात वेगळा लावू. पहाटे दूध लागतं का? लागत असेल तर गरम करून मिळेल, ताई, कितीही वाजता उठवा. आणि आंबा घाटाच्या आधी तिला काही खायला देऊ नका, वळणांवर त्रास होतो मुलांना.

खरं सांगते, सख्ख्या नातेवाइकांनी कधी एवढी चौकशी केली नाही. मी फोन ठेवून यांना म्हटलं, “माणूस चांगला वाटतो.” तिथंच संपलं सगळं. पुढचं नुसतं पैसे पाठवणं होतं.

निम्मे आगाऊ, म्हणजे ६,०००. रक्कम टाकल्यावर स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं ना, ते घराच्या नावाशी जुळत नव्हतं आणि त्या माणसानं सांगितलेल्या नावाशीही नाही. विचारलं तर म्हणाला, “आमच्या मॅनेजरचं खातं आहे.” चार खोल्यांच्या घराला मॅनेजर कशाला लागतो, हे मला आज सुचतंय. पाच मिनिटांत पावती आली. शिक्का, सही, जीएसटी नंबर, सगळं झकास. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. हे मी झोपेतही सांगीन. त्या पावतीवर २७ होते, पुढं एकूण अक्षरं चौदाच होती. मोजलीच नाहीत. तो नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो आणि मी ते दिवसातून दहा वेळा करते, पण कारखान्यात करते. घरी मी आई होते, आणि आईला मऊ भाताचं आश्वासन मिळालं होतं.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. लहान मूल असलं की गाद्या-चादरींचं डिपॉझिट घ्यावं लागतं, ५,०००, निघताना परत. म्हटलं, बरोबरच आहे, रात्री गादी ओली होतेच कधीतरी. उलट मलाच ओशाळल्यासारखं झालं. पाठवले.

पहाटे पाचला निघालो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, पोरीची बादली-फावडं. सोलापूर ते रत्नागिरी सरळ एकच महामार्ग आहे, १६६ नंबरचा: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. मिरजेजवळ त्याचा स्वतःहून फोन आला, “कुठवर आलात? जेवण करून ठेवतो.” कोल्हापूरनंतर पोरीला त्याच्या सल्ल्याप्रमाणे काही दिलं नाही. तरी तिनं घाटात सासूबाईंच्या नव्या इरकलीवर उलटी केलीच. साखरप्यात थांबून लुगडं धुतलं. अंग गरम लागत होतं तिचं. हातखंब्याहून मी त्याला फोन लावला, ताप आहे म्हणून जवळ डॉक्टर कोण ते विचारायला. स्विच ऑफ. निवळी फाट्यावर पुन्हा लावला. स्विच ऑफ. हे म्हणाले, “कोकणात रेंज नसते की.” आम्ही स्वतःची समजूत काढण्यात पटाईत.

साडेसातला पोचलो. घर फोटोत होतं तसंच. तीच ओसरी, तोच झोपाळा. मला हायसं वाटलं आणि मी सरळ सामान उतरवायला लागले. आतून एक काका आले, सामानाकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्हीही फोनवर बुकिंग केलंत का?”

त्या ‘तुम्हीही’तच सगळं आलं. महिन्याभरात आम्ही तिसरं कुटुंब. घर त्यांचं, फोटो त्यांचे, लोकांनी लिहिलेलं कौतुक त्यांचं. फक्त त्या पानावरचा फोन नंबर दुसऱ्याचा. त्यांनी पहिल्या वेळीच पोलिसांत कळवलं होतं, पान बंदही झालं होतं, पुन्हा दुसऱ्या नावानं उघडलं. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नव्हताच. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असली तर लागत नाही, आणि चार खोल्यांत कुठली एवढी उलाढाल. म्हणजे पावतीवरचा तो झकास नंबर हीच खरी खूण होती.

सगळ्या खोल्या भरलेल्या. पोर माझ्या खांद्यावर तापानं फणफणलेली, सासूबाई ओल्या लुगड्यात. काकू बाहेर आल्या, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि काही न विचारता आत गेल्या. दहा मिनिटांनी मऊ भात, तूप, मेतकूट. माजघरात त्यांच्या स्वतःच्या अंथरुणाशेजारी आमची अंथरुणं पडली. पैशांचं काका म्हणाले, “सकाळी बघू.” रात्री मी रडले ते अकरा हजारांसाठी नाही. त्या माणसानं सांगितलेला प्रत्येक शब्द इथं खरा होत होता, फक्त तो नव्हता तिथं, याचं रडू.

आता दुसरे अकरा हजार. हा भाग नीट वाचा, कारण पहिल्यापेक्षा इथं जास्त लोक सापडतात.

सकाळी त्याचा नंबर चालू झाला. यांनी फोन केला, चिडून. तो अजिबात चिडला नाही. “साहेब, पोरानं डबल बुकिंग केलं, माझी चूक. बाळ बरं आहे ना? आत्ता पैसे परत करतो.” व्हॉट्सॲपवर क्यूआर आला, त्यात ११,००० रक्कम आधीच भरलेली. “स्कॅन करा, पिन टाका, जमा होतील. फोन ठेवू नका, मी लाइनवर आहे.” मी काकूंसोबत डॉक्टरकडे. सासूबाई सांगतात, हे ओसरीवर बसून म्हणत होते, “बघ, माणूस तसा वाईट नाही.” आणि पिन टाकला.

पैसे येताना पिन लागत नाही. कधीच नाही. क्यूआर स्कॅन करणं म्हणजे देणं, पिन टाकणं म्हणजे आपल्या खात्यातून काढायला परवानगी. हे यांना माहीत नव्हतं असं नाही, बँकेचे मेसेज येतच असतात. पण समोरचा बोलत ठेवतो, आणि परत मिळणाऱ्या पैशाची घाई ही जाणाऱ्या पैशाच्या घाईपेक्षा मोठी असते.

मी परतले तर यांचा चेहरा पांढरा. काकांनीच सांगितलं, आधी १९३० लावा, भांडण नंतर करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. तिसऱ्या प्रयत्नात लागला. पैसे कुठल्या बँकेतून गेले, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, समोरचा नंबर, हे विचारलं. पैसे गेल्यापासून तक्रार होईपर्यंत चाळीसेक मिनिटं गेली असतील. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पावतीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट टाकला. चॅट आधीच साठवून ठेवा, कारण तो त्याच्या बाजूनं मेसेज पुसायला लागला होता. आमच्या डोळ्यांसमोर एकेक ओळ गायब होत होती.

त्यानंतर आम्ही तीन दिवस राहिलो. दुपारी एक खोली रिकामी झाली, काकांनी नेहमीचा दर घेतला, पहिल्या रात्रीचे घेतले नाहीत. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी नाही, तसे फलक लावलेले आहेत आणि ते खरे माना. किनारा उतरता आहे, लाट परत जाताना पायाखालची वाळू काढून घेते. आम्ही पोरीला घोट्याएवढ्या पाण्यात दोन्ही हात धरून उभी केली, तरी लाटेनं तिची एक चप्पल नेलीच. ती ओरडली, “समुद्रानं चोरली! आता कुणाला सांगायचं?” हे म्हणाले, “१९३०.” चार दिवसांत मी पहिल्यांदा हसले. डोंगराची प्रदक्षिणा सासूबाईंनी अनवाणी केली, मालगुंडला केशवसुतांचं घर बघितलं, आणि बाकी वेळ पोर झोपाळ्यावर.

सोलापुरात परत आल्यावर पोलिसांत गेलो. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, ‘तिकडं घडलं, तिकडं जा’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. बँकेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे बँकेकडून भरपाईची आशा धरू नका. दुसऱ्या अकरातले ८,४०० पुढच्या एका खात्यात अडवून धरलेले आहेत, ते परत मिळतील म्हणतात. पहिल्या अकराचा पत्ता नाही. ते जाऊन आठ दिवस झाले होते, तेवढ्यात किती खाती फिरले असतील कोण जाणे.

आता आमच्याकडे ज्याला कोकणात जायचंय तो मला विचारतो. मी एवढंच सांगते: ज्या घरी जाणार त्याचा नंबर दोन वेगळ्या ठिकाणांहून काढा आणि व्हिडिओ कॉल करून त्याला अंगणात उभं राहायला सांगा. खरा माणूस वैतागेल, पण उभा राहील. खात्याचं नाव जुळलं नाही तर पैसे नाहीत, मॅनेजर असो की मॅनेजरचा मेव्हणा. सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, जो पैसे घ्यायच्या आधी लेकराची विचारपूस करतो त्याच्यापासून लांब राहा. मला हे पटत नाही. सगळेच तसे नसतात.

पंधरा दिवसांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सहज शोधलं. तोच झोपाळा, तीच ओसरी, नाव नवीन, नंबर नवीन. ऑफिसच्या फोनवरून लावला. आवाज तोच.

“ताई, सोबत लहान बाळ आहे का?”

नाही म्हटलं. क्षणभर थांबला.

“मग आई-वडील असतील ना, वयस्कर? काळजी करू नका. खालच्या मजल्यावरची खोली देतो, जिना नको त्यांना.”

नंबर लिहून घेतला, तक्रारीत जोडला, काकांनाही कळवला. काकांच्या घराला वरचा मजलाच नाही.