सड्यावर पाहुण्यांना काय सांगायचं: शिकाऱ्यांची नोंद की विधीची जागा?

कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या सपाट पठारांवर (सड्यांवर) फार जुन्या काळी कोरलेल्या आकृत्या, दाखवायला पाहुणे घेऊन निघालात की रस्ता, जेवण, टोप्या, पाण्याच्या बाटल्या हे सगळं जमून जातं. अडतं ते सड्यावर पोचल्यावर. पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "पण हे एवढं कशासाठी केलं असेल?" तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार हवं. "अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत" हे खरं असलं तरी एप्रिलच्या उन्हात उभ्या माणसाला ते पुरत नाही.

चलनात असलेली उत्तरं मुख्यतः दोन. एक म्हणजे शिकार आणि मासेमारी करून जगणाऱ्या माणसांनी आजूबाजूच्या जगाची ठेवलेली नोंद, आणि कदाचित पुढच्या पिढीला शिकवण्याची सोय. दुसरं म्हणजे ही विधीची, श्रद्धेची जागा. मी दोन्ही सांगून पाहिली आहेत आणि हल्ली एकाकडेच झुकतो. जांभा कसा असतो, २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत यातली कुठली ठिकाणं गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. पांडवांनी एका रात्रीत कोरल्याची गोष्ट गावात ऐकायला मिळाली तर जरूर ऐकावी; ती गावाची आहे. परग्रहवासीयांचा विषय काढणाऱ्याला मात्र गाडीजवळच सावलीत बसवावं.

नोंदीचं उत्तर सांगायला फार सोपं. रत्नागिरी, राजापूर, मालवणकडचे सडे फिरलात की प्राण्यांची यादी वाढतच जाते: हत्ती, वाघ, हरणं, मोर, कासव, मगर, पाकट हा चपटा मासा, शार्क. त्यात गेंडा आणि पाणघोडा आले की पाहुणे एकदम सावध होतात, कारण हे दोन्ही आज कोकणात नाहीत. राज्य पुरातत्त्व विभागाचे संचालक असताना तेजस गर्गे यांनी मांडलेला मुद्दाही इथे कामाला येतो. माणसं आहेत, जनावरं आहेत, पण शेतीचं काही नाही. म्हणजे कोरणारे लोक शिकार आणि वेचणीवर जगणारे असावेत. शाळेतली मुलं बरोबर असतील तर हे उत्तर हमखास चालतं. पाकट ओळखायचा खेळ सुरू झाला की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही करावं लागत नाही. समुद्रातला मासा दूर वरच्या कातळावर कसा, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, आणि "ज्यांनी कोरला ते खाली जाऊन मासे मारत असणार" हे उत्तरही त्यांचं तेच देतात.

मलाही हे उत्तर आवडायचं. मग राजापूर तालुक्यातली काशेळी आली.

काशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. आमची आत्या त्याच्या मधोमध उभी राहून विचारत होती, "हत्ती कुठाय?" मी काठीने दाखवत फिरलो. ही सोंड, इथून पाठ सुरू, हा मागचा पाय. तिने मान वळवून वळवून बघितलं आणि शेवटी माझी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तू म्हणतोस तर असेल बाबा." भाच्याने मोबाइल काढला, ड्रोनने घेतलेला फोटो शोधला, आणि पुढची दहा मिनिटं सगळी मंडळी हत्तीच्या पोटात उभी राहून हत्तीचा फोटो बघत होती. फोटोत तो उत्तम दिसतो. पायाखाली दिसत नाही.

असं दरवेळी होतं. गावातला एकजण सहज बोलून गेला, "खालून काय कळणार? ड्रोनवाले येतात त्यांचं बघा." सुरुवातीला मला हा निव्वळ वैताग वाटायचा. एखादं मचाण बांधा, शिडी ठेवा, काहीतरी करा, असं वाटायचं. पण पाहुण्यांच्या प्रश्नाचं माझं उत्तर बदललं ते या वैतागामुळेच. नोंद किंवा धडा म्हणून काढलेलं चित्र निदान दिसायला तर हवं. इथे जमीन सपाट, आकृतीही सपाट, चढून बघावं असा उंचवटा जवळ नाही. पोराला हत्ती कसा असतो ते शिकवायचं तर हातभर चित्र पुरेसं आहे, उलट जास्त सोयीचं आहे. ज्यांना हातभर काढता येत होतं त्यांनी १८ मीटरचा काढला, आणि जो काढला तो त्यांना स्वतःलाही एका नजरेत कधी दिसला नसावा.

यावर एक चांगला आक्षेप आहे. ताज्या खोदलेल्या जांभ्याचा रंग उठून दिसतो. आज पावसाने झिजलेल्या, काळवंडलेल्या रेषा आपल्याला दिसत नाहीत म्हणून तेव्हाही दिसत नसतील असं कसं म्हणणार? बरोबर आहे. काही हजार पावसाळ्यांपूर्वी ती रेषा नक्कीच ठसठशीत असणार. तरीही माणसाच्या डोळ्याची उंची तेव्हाही पाच-साडेपाच फूटच होती. काठावर उभं राहून बघितलं तर एवढी मोठी आकृती चपटी होते आणि पलीकडची कड नजरेतून निसटते.

शिवाय काशेळीच्या हत्तीच्या पोटात इतर प्राणी-पक्ष्यांच्या लहान आकृत्या कोरलेल्या आहेत, आणि त्या कितीतरी आहेत. हा तपशील माहितीफलकावर "वैशिष्ट्यपूर्ण" म्हणून येतो आणि तिथेच संपतो. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. आतली चित्रं काढायची तर कोरणाऱ्याला हत्तीच्या आत जाऊन बसावं लागणार. तो बाहेरून हत्तीकडे बघत नव्हता, हत्तीच्या आत काम करत होता. मग चित्र बघण्यासाठी काढलं होतं की त्यात शिरण्यासाठी? मी इथे विधीच्या उत्तराकडे सरकतो.

पेरूमधल्या नाझ्का रेषांबद्दलही असाच प्रश्न पडला होता. त्याही मोठ्या आणि जमिनीवरून नीट न दिसणाऱ्या. तिथल्या पुष्कळ आकृत्या एकाच अखंड रेषेने काढलेल्या आहेत, आणि त्या रेषेवरून चालत जाणं हाच त्यांचा उपयोग असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. कोकणाशी नाझ्काचा काही संबंध नाही, काळही वेगळा. पण "बघण्यासाठी नसलेलं चित्र" ही कल्पना विचित्र नाही, एवढं पाहुण्यांना पटवायला हा दाखला बरा पडतो.

विधीच्या बाजूने दुसरी गोष्ट कष्टांची. ज्यांनी चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. सड्याचा वरचा थर उन्हावाऱ्याने टणक झालेला असतो. खाणीत आधी तोच काढून टाकतात, आणि खालचा चिरा मऊ निघून हवेवर घट्ट होतो. कातळशिल्पं त्या वरच्या टणक थरात आहेत, आणि तीही दगडाच्या हत्यारांनी केलेली असणार. नुसती नोंद ठेवायला माणूस एवढा घाम गाळत नाही. निदान मी तरी गाळणार नाही.

मग राजापूरकडच्याच बारसूची आकृती आहे: मधे माणूस, दोन्ही बाजूंना वाघ. ती पाहून सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवरचा, दोन वाघांना धरून उभा असलेला पुरुष आठवतोच. कुणी ना कुणी तसं म्हणतंच, आणि तुम्ही इथे थोडं सावरून घ्यावं, कारण मधलं अंतर फार आहे आणि साम्य म्हणजे नातं नव्हे. पण ही आकृती कुठल्याही शिकारीची नोंद नाही, एवढं मात्र म्हणता येतं. खरं तर मी पाहिलेल्या सड्यांवर शिकारीचा प्रसंग असा दिसतच नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटक्याच्या गुहांमधल्या चित्रांत माणसं धावतात, धनुष्य ताणतात, रांगेत नाचतात. इथे प्राणी बहुधा एकेकटे, आपापल्या जागी उभे. शिकाऱ्यांची वही म्हणायची आणि तिच्यात शिकारच नाही, हे मला खटकतं.

आता विधीच्या उत्तराची अडचणही सांगतो. ती लहान नाही. ज्याचा अर्थ लागत नाही ते सगळं "विधी" या टोपलीत टाकायची पुरातत्त्वात जुनी खोड आहे, आणि पाहुण्यांपैकी एखादा चलाख असेल तर तो तेच म्हणतो. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकटीत बसवलेली अप्रतिम भौमितिक नक्षी आहे. ती दाखवून "बघा, देवीचंच स्थान" म्हणायचा मोह होतो. आजचं देऊळ हा हजारो वर्षांपूर्वीच्या श्रद्धेचा पुरावा होत नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या मातृदेवतेबद्दलही तेच. गावकरी त्या जागेला बाहुल्यांचं टेंब म्हणतात, आणि मला ते नाव अभ्यासकांच्या नावापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

देवाचे गोठणेला आणखी मोठा सापळा आहे. तिथल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. पाहुणे हरखतात, मोबाइलमधलं होकायंत्र काढून गोल गोल फिरतात, आणि आदिमानवाला चुंबकत्वाचं ज्ञान होतं इथपर्यंत मजल जाते. फिरू द्या, मजा येते. पण ज्यांच्याकडे होकायंत्र नव्हतं त्यांना ते चुकतंय हे कळणार कसं, एवढं हळूच विचारावं.

काळाचाही घोळ आहे. जांभ्यावरच्या रेषेचं थेट वय काढता येत नाही. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली त्यावरून या भागात माणूस फार जुना आहे हे कळतं, पण अमुक रेषा त्याच माणसाची असं ठरत नाही. मध्याश्मयुगापासून, म्हणजे शेतीआधीच्या दगडी हत्यारांच्या काळापासून, थेट ऐतिहासिक काळाच्या उंबरठ्यापर्यंतचा पल्ला धरला जातो. एवढ्या काळात लोक बदलले असणार, हेतूही बदलले असणार. त्यामुळे सगळ्या सड्यांना एकच उत्तर चिकटवू नये हे मला मान्य आहे, आणि तरीही पाहुण्यांपुढे एक तरी निवडावं लागतं.

गोव्याकडे निघाला असाल तर माझं पारडं थोडं वेगळं झुकेल. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावर उसगाळीमळ, म्हणजेच पणसायमळ, इथली खोदचित्रं १९९३ साली गावकऱ्यांनी दिलेल्या माहितीवरून पुरातत्त्वाचे अभ्यासक पु. प. शिरोडकर यांनी उजेडात आणली. तिथे आकृत्या शंभराहून अधिक असल्या तरी माणसाच्या आवाक्यातल्या आहेत. बैल, गवा, हरीण, मोर, नाचणारी बाई हे सगळं उभ्याने बघता येतं. आत्या तिथे एकदाही "कुठाय?" म्हणाली नाही. नोंदीचं, किंवा निदान कुणाला तरी दाखवण्याचं उत्तर तिथे बऱ्यापैकी शोभतं. मात्र त्याच कातळावर एकात एक वर्तुळांचा चक्रव्यूह आहे, आणि तो कुठल्याही जनावराचा नाही. तिथे पोचलो की मी पुन्हा गप्प होतो. पावसाळ्यात तो कातळ नदीच्या पाण्याखाली जातो, तेव्हा जून ते ऑक्टोबर हा बेत करू नका.

थोडक्यात निवड अशी करतो. शाळेची सहल, लहान मुलं, वेळ कमी: नोंदीचं उत्तर, आणि रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीचा हत्ती. तो काशेळीपेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि गावकऱ्यांच्या पुढाकाराने भोवती गोल कठडा करून वरून बघायची सोय झाली आहे, त्यामुळे मुलांना हत्ती हत्तीसारखा दिसतो. आता ही सोय आपल्याला बांधावी लागली, यातच माझा मुद्दा आहे असं मला वाटतं, पण मुलांना ते सांगत नाही. मोठी माणसं, थोडा धीर असलेली, आणि हातात अख्खी सकाळ: काशेळी आणि बारसू, विधीचं उत्तर. मोबाइल खिशात ठेवायला सांगावं, निदान पहिली वीस मिनिटं. फोटो आधी दाखवला की ती फोटोतच अडकतात. कडेकडेने रेषेच्या बाहेरून चालत एक फेरी मारावी. रेषेवर पाय देऊ नये, कुणाला देऊही देऊ नये.

वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची. तिरप्या उन्हात खोबणीत सावली पडते आणि रेषा वर येते. दुपारी बाराला काशेळीला गेलात तर दोन्ही उत्तरं सारखीच निरुपयोगी. फोटोसाठी रेषा चुन्याने किंवा रांगोळीने भरणारी मंडळी अधूनमधून भेटतात. त्यांच्याशी भांडण होण्याची तयारी ठेवा, कारण भरलेली रेषा ही भरणाऱ्याच्या हाताची असते, आणि ती धुऊन निघेपर्यंत पुढच्या माणसाला खालची खोबण दिसत नाही. जोडे चांगले घाला. सड्यावर झाड नाही, त्यामुळे पाणी माणशी दोन बाटल्या धरा, आणि आत्यासाठी छत्री.