तांबड्याला पाच तारे, वरच्या मजल्याला शून्य

या हॉटेलात मी नऊ वर्षं जेवते. समोरच माझं पिको-फॉलचं दुकान, त्यामुळं दुपारी मटणाचा वास आला की मशीनवरचा पाय आपोआप थांबतो. तांबडा झणझणीत, तरी घसा न जाळणारा. पांढऱ्यात खसखस नीट वाटलेली. दोन्ही रस्से मागाल तेवढे. सुक्कं कधीमधी वातड निघतं. भाकरी मात्र तव्यावरनं थेट ताटात.

आता वरचा मजला. तिथं आधी बारशी, साखरपुडे व्हायचे. गेल्या महिन्यात काचा काळ्या झाल्या, स्टेज उभं राहिलं, आणि कळलं की मालकांनी डान्सबारच्या परवान्याला अर्ज टाकलाय. खाली पाटी अजून 'फॅमिली'च! विचारलं तर म्हणाले, "वहिनी, कायद्यात बसतंय. शाळेपासनं एक किलोमीटरची अट सुप्रीम कोर्टानं 2019 लाच उडवली की." खोटं नाही ते. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि पैसे उधळायला बंदी, हे मात्र कोर्टानं ठेवलं. पण सहालाच आमच्या पोरी क्लासला निघतात, आणि गाड्या लागणार त्यांच्याच बोळात.

हरकतीच्या अर्जावर सह्या घ्यायला आम्ही बसलो तेही इथंच, कोपऱ्यातल्या टेबलावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आडवी बाटली करूया, पयली सही मी करतो." त्यांना समजावता समजावता रस्सा निवला. आडव्या बाटलीनं, म्हणजे दारूबंदीच्या मतदानानं, दारूचा परवाना जातो, तोही वॉर्डात पुरेशी मतं तशी पडली तर. नाचाचा परवाना वेगळा, त्याची हरकत वेगळी.

एकजण म्हणाला, संस्कृती बुडाली. मला काय ते पटलं नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात लावणीला मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. 2005 च्या डान्सबारबंदीत नाचणाऱ्या बायकांच्याच पोटावर पाय आला होता. माझं भांडण त्यांच्याशी नाही, काळ्या काचांशी आहे.

सत्तेचाळीस सह्या झाल्या. अर्जाच्या कोपऱ्यावर तांबड्याचा डाग पडलाय, तसाच दिला. मालक गल्ल्यावरनं सगळं बघत होते. पांढरा तिसऱ्यांदा मागितला तर म्हणाले, "संपला." नऊ वर्षांत पहिल्यांदा.