तालमीतला सीपीआर-एईडी वर्ग: छाती दाबायला पक्का, पॅड लावायला कच्चा

तालमीच्या हॉलमध्ये येऊन अडीच तासांत सीपीआर (हृदय थांबलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि एईडी (छातीवर चिकटवलेल्या पॅडमधून हृदयाची लय तपासून गरज असेल तर शॉक देणारं मशीन) शिकवणारा हा वर्ग. तुकडी वीस जणांची आणि पुतळे चार. पाच जणांमागे एक पुतळा, हीच याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. स्लाइड दाखवून आणि स्टेजवर एकाकडून करून घेऊन हात तयार होत नाहीत. इथे सुरुवातीच्या बोलण्यानंतर सगळे थेट फरशीवर गुडघे टेकून बसतात.

हृदय थांबलंय हे ओळखायला भरपूर वेळ दिला, ते योग्यच. खांदे हलवून हाक मारायची. ओ देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सुरू करायचं, नाडी शोधत बसायचं नाही. मधूनच येणारे आचके आणि घुरघुर म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबताच काहींना झटकेही येतात, मग फीट समजून कांदा हुंगवला जातो. छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दवाखान्याचं नाव; ‘सीपीआर, सीपीआर’ असं ओरडलं तर लोक रिक्षा आणून पेशंटला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात न्यायला निघतील. म्हणून बोट दाखवून कामं वाटायचा सराव घेतात: ‘तुम्ही 108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा’, ‘तू मशीन आण’, ‘मी छाती दाबतो’. हा भाग फार उपयोगाचा आहे.

छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, त्यावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग, कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. पुतळा 5 सेंटिमीटरला ‘टक्’ वाजतो. तालमीतली पोरं तो आवाज लगेच काढतात. चुकतं ते वर येताना. जोराच्या भरात वेग 140 वर जातो आणि अंगाचा भार छातीवरच राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही आणि पुढचा दाब फुकट जातो. प्रशिक्षकांनी प्रत्येकाची ही चूक हात धरून सुधारली. दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा, कितीही दमदार असला तरी. कुस्तीच्या गादीवर कोणी पडला तर शक्यतो लगेच कडक जमिनीवर घ्यायचं, कारण दाब गादीच खाते.

तोंडाने श्वास देणं शिकवत नाहीत. सामान्य माणसासाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलची पद्धतही फक्त छाती दाबण्याची आहे, त्यामुळे एरवी तक्रार नाही. पण पंचगंगा आणि रंकाळा असलेल्या गावात बुडालेल्याचा विषय गाळून कसं चालेल? तिथे मूळ अडचणच ऑक्सिजनची असते. ज्याला येतं त्याने 30 दाबांमागे 2 श्वास द्यायला हवेत.

एईडीला शेवटची वीस मिनिटं मिळाली आणि तिथे वर्ग कमी पडला. सरावाचे पॅड वापरून वापरून गुळगुळीत झालेले, तेही पुतळ्याच्या कोरड्या प्लास्टिकवर. आखाड्यातल्या पैलवानाच्या अंगावर तेल, घाम आणि लाल माती असते, त्यावर पॅड धरतच नाही. आधी कोरड्या टॉवेलने छाती खसखसून पुसायची. दाट केस असतील तर पॅड घट्ट दाबायचा, तरीही मशीन ‘पॅड तपासा’ म्हणत राहिलं तर रेझर फिरवायचा. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर, आणि पॅड लावेपर्यंत दुसऱ्याने छाती दाबत राहायचं. तपासणी आणि शॉकच्या वेळी कुणाचा हात अंगाला नको. शॉक बसला की लगेच पुन्हा दाबायला लागायचं. ‘शॉक देऊ नका’ असं मशीन म्हणालं की निम्मी तुकडी थांबली. त्याचा अर्थ एवढाच की हृदयाच्या या लयीला शॉकचा उपयोग नाही. माणूस हालचाल करत नसेल, श्वास घेत नसेल, तर दाबणं चालूच ठेवायचं. ही गोष्ट ओझरती सांगून चालत नाही, करून घ्यावी लागते.

लहान मुलांबद्दल काहीच नव्हतं. 8 वर्षांखालच्या किंवा 25 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला मुलांचे पॅड, आणि ते नसतील तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर.

आमच्याकडून 5 पैकी साडेतीन. मंडळाने बोलावताना एईडीला एक तास आणि चिकटणारे नवे पॅड आधीच कबूल करून घ्यावेत, पुतळ्याला तेल-माती फासून सराव मागावा. हेच लोक मशीनही विकतात. कोटेशनमध्ये पॅड आणि बॅटरी बदलायचा खर्च लिहून घ्या, कारण पॅडवरची जेल सुकते आणि न वापरताही त्यांची मुदत संपते. जादा पॅडचा एक संच, कात्री, रेझर आणि टॉवेल मशीनच्या डब्यातच ठेवा, आणि तो डबा सेक्रेटरीच्या कुलपातल्या कपाटात नको, दाराजवळच्या भिंतीवर लावा.