साधा साबण घ्यावा की जंतुनाशक?

वेष्टनावरचं ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ बाजूला ठेवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ट्रायक्लोसॅन (बहुधा लिक्विड हँडवॉशमध्ये), ट्रायक्लोकार्बन (वडीत), क्लोरोझायलेनॉल किंवा बेंझाल्कोनियम क्लोराइड यांपैकी एखादं नाव दिसलं, तर तो साबण जंतुनाशक. बाकी काम दोन्हींत सारखंच होतं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. कातडीवरचा तेलकट थर सुटतो आणि त्याबरोबर जंतू वाहून जातात. ते मरायलाच हवेत असं काही नाही.

मग वरच्या रसायनाचा फायदा किती? २०१५ च्या एका प्रयोगात ०.३ टक्के ट्रायक्लोसॅन असलेला साबण आणि साधा साबण वीस प्रकारच्या जिवाणूंवर वापरून पाहिले. वीस सेकंदांत दोघांत फरक पडला नाही. फरक दिसला तो नऊ तासांनी, आणि हाताला फेस लावून नऊ तास कोण बसतं? शिवाय सर्दी-फ्लू विषाणूंमुळे होतात. ‘अँटिबॅक्टेरियल’ हा शब्दच जिवाणूंपुरता आहे.

तोट्याची बाजू जास्त ठोस आहे. ट्रायक्लोसॅन जिवाणूंचं मुख्यतः एकच एन्झाइम अडवतं, चरबी तयार करणारं. त्या एन्झाइमच्या जनुकात छोटा बदल झाला की जिवाणू त्याला दाद देत नाही. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड याच जातीच्या एन्झाइमवर काम करतं, म्हणून ही काळजी पुस्तकी नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत थायरॉइड हार्मोनवर परिणाम दिसला आहे. माणसांबाबत चित्र तितकं स्पष्ट नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसॅन, ट्रायक्लोकार्बनसह १९ घटक पाण्याने धुवायच्या घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. बेंझाल्कोनियम आणि क्लोरोझायलेनॉलचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला. ‘ट्रायक्लोसॅन-फ्री’ लिहिलेल्या बाटलीत नेमकं बेंझाल्कोनियम असू शकतं, तेव्हा तेवढ्यावर भुलू नका.

तिसरा पर्याय सॅनिटायझर. त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. दोन्ही हात पूर्ण ओले होतील एवढा घ्या आणि वाळेपर्यंत चोळा, मध्येच पुसू नका. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर तो खोलवर पोचत नाही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो कमी पडतो, तिथे साबण-पाणीच. बेंझाल्कोनियमवाला, बिनअल्कोहोलचा सॅनिटायझर नीट न धुतलेल्या साबणी हातावर लावला तर आणखी गंमत होते: साबणाचा ऋण भार त्याच्या धन भाराला निकामी करतो.

घरासाठी आमची निवड साधा साबण, वीस सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडा धरून. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंघोळ करायला सांगितली तर मात्र ती करावी. तिथे जंतू खरोखर कमी करायचे असतात आणि द्रावणही त्याच हिशेबाचं असतं. टूथपेस्टचा मामला वेगळा: ट्रायक्लोसॅनमुळे हिरड्यांची सूज कमी होते याला पुरावा होता, म्हणून २०१६ चा नियम तिला लागू नव्हता.