छोटं स्वयंपाकघर: फिकट राखाडी की गडद?
फ्लॅटमधलं 8 बाय 6 फुटांचं स्वयंपाकघर, खिडकी एकच. तिथे फिकट राखाडी भिंती आणि कपाटं उजेड खेळवतात, जागा मोकळी वाटते. पण फोडणीतली हळद त्यावर लगेच डोळ्यांत भरते; टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट असेल तर विचारूच नका! सांध्यांना राखाडी इपॉक्सीच (डाग सहसा न शोषणारं रेझिनचं भरण) बरं.

गडद राखाडी रुबाबदार खरा, चहा-मसाल्याचे डागही लपवतो. मात्र कणकेचा हात लागला की ठसा उमटतो, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके तर हमखास दिसतात. वरची कपाटंही गडद केलीत, तर भरदुपारी दिवा लावावा लागेल. मी गडद रंग ओट्याखालीच ठेवेन. ओट्यावर जुना काळा कडप्पा असेल तर उखडू नका. दोन्ही छटांशी तो छान जुळतो.