गिटहब डिस्कशन्समध्ये फिल्टर लावून शोधणं: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझी शोधायची पद्धत एकच होती. एरर कॉपी करायची, सर्चच्या चौकटीत चिकटवायची आणि एंटर दाबायचं. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, असं केलं की समोर रेपॉझिटरी (एकेका प्रोजेक्टचे कोडसाठे) आणि कोडचा ढीग पडतो. ज्या चर्चेत कुणीतरी ‘मलाही हेच येत होतं, असं केल्यावर गेलं’ असं लिहून ठेवलेलं असतं, तिथपर्यंत पोचायच्या आधीच मी कंटाळून टॅब बंद करायचे.

डिस्कशन्स ही प्रोजेक्टच्या पानावरच चर्चा करायची सोय ऑगस्ट 2021 मध्ये बीटातून (चाचणीच्या टप्प्यातून) बाहेर पडून सगळ्यांसाठी पक्की झाली. त्याआधी प्रश्न, शंका, सूचना सगळं इश्यूंमध्येच, म्हणजे बगांच्या नोंदींच्या यादीतच, कोंबलेलं असायचं. आता बऱ्याच मोठ्या प्रोजेक्टांमध्ये बग इश्यूत आणि ‘हे कसं करायचं?’ डिस्कशन्समध्ये अशी वाटणी दिसते. मला लागणारी उत्तरं बहुतेक दुसऱ्या डब्यात असतात, आणि मी वर्षभर पहिल्याच डब्यात हात घालत बसले होते.

एक खुलासा आधीच करते: फिल्टरांची, म्हणजे निकाल गाळून घ्यायला शोधाच्या चौकटीत लिहायच्या खास शब्दांची, नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे, चौकटीत ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. आणि कोलननंतर जागा सोडायची नाही. ही चूक मी पहिल्या आठवड्यात इतक्यांदा केली की फिल्टर चालतच नाहीत अशी माझी समजूत झाली होती.

सुरुवात ‘टाइप:डिस्कशन्स’ आणि ‘रेपो:’पासून. पहिला फक्त चर्चा दाखवतो, दुसरा एकाच रेपॉझिटरीत शोधतो. प्रोजेक्टच्या डिस्कशन्स टॅबमध्येच शोधत असाल तर या दोन्हींची गरज नाही. त्यानंतर फक्त मथळ्यांत शोधणारा ‘इन:टायटल’. हा मला आधी फार आवडायचा, कारण निकाल झटक्यात कमी होतात. पण लोक मथळे कसे देतात ते आठवा: ‘मदत हवी’, ‘विचित्र अडचण’, ‘हे बरोबर आहे का?’ खरा मजकूर खाली असतो आणि खरं उत्तर त्याच्याही खाली. आता मी आधी प्रतिसादांत शोधणारा ‘इन:कमेंट्स’ लावते. एररचा तंतोतंत मजकूर बहुधा तिथेच सापडतो, कारण ‘आता मला हे येतंय’ म्हणत लोक तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात चिकटवतात. एररमधून आपल्या फोल्डरचा पत्ता आणि ओळ क्रमांक मात्र काढून टाका. ते जगात दुसऱ्या कुणाकडे नसतात. उरलेला तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.

माझं सगळ्यात जास्त काम केलं ते तारखेच्या फिल्टरनं. उदाहरणच देते. नेक्स्ट जेएस या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये ‘नेक्स्टराउटर वॉज नॉट माउंटेड’ ही एरर मला छळत होती. ‘यूजराउटर’ हा शब्द टाकला की चर्चा मिळायच्या रग्गड, आणि वाचायला सगळ्या बरोबरच वाटायच्या. पण त्यातल्या अनेक पेजेस राउटरच्या, म्हणजे पानं जोडायच्या जुन्या पद्धतीच्या, काळातल्या होत्या. तिथे ‘यूजराउटर’ हे हुक (तयार फंक्शन) ‘नेक्स्ट/राउटर’मधून आणतात, अ‍ॅप राउटर या नव्या पद्धतीत तेच नाव ‘नेक्स्ट/नॅव्हिगेशन’मधून आणावं लागतं. म्हणजे मी चुकीच्या काळातली बरोबर उत्तरं वाचत होते. अ‍ॅप राउटर 13.4 आवृत्तीत, मे 2023 मध्ये स्थिर झाला. ‘क्रिएटेड:>2023-05-01’ (या तारखेनंतर सुरू झालेल्याच चर्चा) एवढं जोडल्यावर पहिल्याच पानावर उत्तर होतं. तेव्हापासून सवयच लागली: आधी रिलीजच्या पानावर जाऊन मी वापरतेय ती मोठी आवृत्ती कधी आली ते बघायचं, आणि तीच तारीख फिल्टरमध्ये घालायची. वर्ष-महिना-दिवस याच क्रमानं. दोन तारखांच्या मधलं हवं असेल तर मध्ये दोन टिंबं.

शेवटची हालचाल कधी झाली त्यावरून गाळणारा ‘अपडेटेड:’ मात्र मी जवळजवळ सोडून दिलाय. चार वर्षं जुन्या चर्चेत कुणी काल ‘मलाही’ एवढंच लिहिलं की ती ताजी होऊन वर येते. निकालांची रचना ‘नुकती हालचाल’ यावर ठेवली तरी तोच घोळ.

आता माझा मूर्खपणा. एका लायब्ररीच्या चर्चांमध्ये दोन दिवस शोधूनही काही मिळालं नाही, म्हणून मी नवा प्रश्न टाकला. तासाभरात एकानं शांतपणे जुन्या चर्चेची लिंक दिली. ती बंद केलेली होती, आणि माझ्या चौकटीत आधीपासूनच ‘इझ:ओपन’, म्हणजे ‘फक्त चालू चर्चा दाखव’, असं लिहिलेलं होतं. टॅब उघडला की ते तिथे असतंच. मी कधी बघितलंच नव्हतं. चर्चा बंद करताना ‘सुटलं’, ‘कालबाह्य’ किंवा ‘पुनरुक्ती’ असं कारण देता येतं, म्हणजे सुटलेला प्रश्न बंद गटात असण्याची शक्यता उलट जास्तच. आता ते दोन शब्द पुसणं हे माझं पहिलं काम. पुनरुक्ती म्हणून बंद केलेली चर्चाही टाकून देऊ नका. शेवटच्या प्रतिसादात बहुधा मूळ चर्चेची लिंक असते.

उत्तराची खूण झालेल्याच चर्चा दाखवणाऱ्या ‘इझ:आन्सर्ड’बद्दल माझं मत तीनदा बदललं. आधी वाटलं, यापेक्षा आणखी काय हवं! मग लक्षात आलं की उत्तराची खूण फक्त प्रश्नोत्तर पद्धतीच्या कॅटेगरीत करता येते. कुणी प्रश्न ‘जनरल’मध्ये टाकला आणि खाली दहा उत्तम उत्तरं आली, तरी हा फिल्टर ती दाखवणार नाही. शिवाय उत्तर मिळालं की प्रश्नकर्ता गायब होतो, खूण करायला परत कोण येतं? खाली ‘धन्यवाद, चाललं!’ असं लिहिलेल्या कितीतरी चर्चा ‘इझ:अनआन्सर्ड’ लावल्यावर दिसतात. म्हणून पहिल्या फेरीत ‘इझ:आन्सर्ड’ लावते आणि काही हाती लागलं नाही तर लगेच काढते.

‘कॅटेगरी:’चंही तसंच. एका प्रोजेक्टात ‘हेल्प’, दुसऱ्यात ‘क्यू अँड ए’, तिसऱ्यात आणखी काहीतरी. एकाच रेपोत उपयोगी, अनेक रेपोंत एकदम शोधताना कुचकामी. नावात जागा असेल तर अवतरणचिन्हं हवीत. लेबलांबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही, जिथे कुणी लावतं तिथे ठीक.

मला खरा हुरूप आला तो ‘आन्सर्ड-बाय:’ सापडल्यावर. ठरावीक माणसाच्या उत्तरावर खूण झालेल्या चर्चा तो दाखवतो. प्रत्येक प्रोजेक्टात दोन-तीन माणसं अशी असतात की त्यांनी लिहिलं म्हणजे विषय संपला. दोन-चार चर्चा वाचल्या की ती नावं कळतात. मग मी शब्दांच्या मागे न लागता त्या माणसाच्या मागे लागते: ‘आन्सर्ड-बाय:’ आणि पुढे त्याचं नाव, सोबत ‘कॅशे’सारखा एकच ढोबळ शब्द. मला हव्या त्या प्रश्नाचं उत्तर नाही मिळालं तरी शेजारचं मिळतं, आणि पुष्कळदा तेच जास्त कामाचं निघतं. खूण न झालेली उत्तरंही हवी असतील तर ‘कमेंटर:’ वापरा. निकाल वाढतात, पण माणूस तोच राहतो.

कमतरता म्हणाल तर एकच मोठी: हा शोध तुमच्या शब्दांवर चालतो, मनातल्या अर्थावर नाही. मी ‘टाइमआउट’ शोधते आणि समोरच्यानं लिहिलेलं असतं ‘अडकून बसतं’. अशा वेळी मी बाहेरच्या सर्च इंजिनवर जाऊन लोक त्या अडचणीला काय म्हणतात ते बघते आणि तो शब्द घेऊन परत येते. याला सोपा उपाय मला तरी सापडलेला नाही. आणि डिस्कशन्समध्ये नाही मिळालं तर इश्यूंमध्ये तोच शब्द टाकून बघाच. प्रश्नांसाठी वेगळी जागा असली तरी लोक घाईत कुठेही विचारतात.

नेहमीच्या चार शोधांचे मी बुकमार्क केलेत, कारण सगळे फिल्टर पानाच्या वेब-पत्त्यातच उतरतात. त्यातला एक आहे ‘आन्सर्ड-बाय:@मी’. परवा तो सहज उघडला. तीन चर्चा आल्या, आणि त्यातल्या एकीत मी कुणाला तरी ‘नेक्स्ट/राउटर’च सुचवलेलं होतं. खाली दुरुस्ती लिहून टाकली.